कारणाचा रकाना

दस्तुरी नाक्यापासून चालत वर आलात त्याबद्दल आभार. नंतर हे ऑनलाइन वाचणाऱ्यांचेही आभार, त्यांना चालावं लागलेलं नाही. (हशा)

एरवी अशा व्याख्यानांत पुस्तकावर, कवीवर बोलतात. आज आम्ही एका सरकारी अर्जावर बोलणार आहोत. शस्त्रपरवान्याचा अर्ज. त्यात नाव, पत्ता, पूर्वीचे गुन्हे वगैरे सगळं विचारतात आणि एक रकाना असतो: परवाना कशासाठी हवा? आम्ही त्याला कारणाचा रकाना म्हणतो. या रकान्यात माणसं काय लिहितात, का लिहितात, आणि जे लिहितात तेच खरं असतं का, हा आजचा विषय. टीका करायची ती साहित्यकृतीवरच, असा काही नियम नाही. कायद्याचं कलम हाही मजकूरच आहे, आणि त्याचा लेखक आपल्याकडं कसा बघतो ते त्यातून कळतं.

सुरुवात लांबून करू. अमेरिकेत बंदूक घ्यायला कारण सांगावं लागत नाही, तरी लोक सांगतात, भरभरून सांगतात. प्यू नावाची संशोधन संस्था त्यांना अधूनमधून विचारते. त्याआधी १९९९ सालच्या दुसऱ्या एका पाहणीत बंदूकधारकांपैकी ४९ टक्के लोकांनी मुख्य कारण सांगितलं शिकार, आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०२३ साली प्रश्नाची मांडणी थोडी वेगळी होती, पण ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण म्हटलं आणि शिकार ३२ टक्क्यांवर आली. मधल्या चोवीस वर्षांत काय झालं? बंदुका कुठं गेल्या नाहीत. कारण बदललं. ज्या घरात आजोबा हरणासाठी बंदूक ठेवत होते, त्याच घरात नातू चोरासाठी ठेवतो. म्हणजे वस्तू आधी आणि कारण नंतर, असा क्रम लागतो की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. आम्ही ती घेतो.

आता आपला कायदा. १९५९ चा शस्त्र अधिनियम, कलम १३, पोटकलम ३. ते नीट वाचायला हवं, कारण त्यात कारणांची उतरंड लावलेली आहे. परवाना द्यावाच, असं कायदा फार थोड्या कारणांसाठी म्हणतो. संरक्षण किंवा खेळ यासाठी नागरिकाला गुळगुळीत नळीची बंदूक, नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी बंदूक, २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ती फक्त पॉइंट बावीसची रायफल किंवा एअर रायफल असायची. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. बाकी कुणालाही काहीही हवं असेल तर अधिकाऱ्याला 'चांगलं कारण' पटलं पाहिजे.

बघा, शेतकऱ्याचं कारण कायद्यानं नाव घेऊन मान्य केलं. पण त्या कारणासाठी बंदूक कोणती? ठासणीची. शहरातल्या माणसाला संरक्षणासाठी काडतुसाची बंदूक चालते, क्लबमधल्या मुलाला रायफल चालते, आणि ज्याच्या शेतात रात्री डुकरांचा कळप शिरतो त्याला एकोणिसाव्या शतकातलं हत्यार. पुढं एक परंतुक आहे: ठासणीची पुरेशी पडणार नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. म्हणजे पुरत नाही हे शेतकऱ्यानं सिद्ध करायचं. कलम लिहिणाऱ्यानं शेतकऱ्याचं कारण खरं मानलं, पण शेतकऱ्यावर पूर्ण विश्वास टाकला नाही, असं आमचं या कलमाचं वाचन आहे.

ठासणीची बंदूक इथल्या ऑनलाइन श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिलेली नसणार, म्हणून दोन शब्द. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं. मागं टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. बार उडतो. मग सगळं पहिल्यापासून. भातात डुकरं असताना, अंधारात, पाऊस नुकताच उघडलेला, दारू दमट झालेली. एक बार मिळतो, दुसऱ्याला वेळ नसतो.

मराठी भाषेनं ही बंदूक आपल्या पोटात ठेवली आहे. आपण मुद्दा ठासून सांगतो. एखाद्याचा फुसका बार निघतो. ठासणं हा शब्द बंदुकीच्या आधीचा असणार, पण गेली काही शतकं ही क्रिया आणि ही बंदूक एकमेकांच्या सोबतीनं राहिली. 'काडतूस' मराठीत आलं, 'फडतूस'शी त्याचं यमकही जुळलं, पण ठासण्याइतकं ते मुरलं नाही.

आता ज्यांना या विषयाची आवड आहे ते विचारतील, की अमेरिकेत लोक काडतुसं घरी भरतात, त्याचं काय? तिकडं तो मोठा छंद आहे. उडवलेल्या काडतुसाचं पितळी कवच फेकून द्यायचं नाही. जळालेली टोपी काढायची, कवच पुन्हा मापात आणायचं, नवी टोपी, तराजूवर मोजलेली दारू, वर नवी गोळी. टेबलाला बसवलेलं दाबयंत्र असतं, वह्या असतात, नोंदी असतात. कारणं विचारली तर सांगतात: स्वस्त पडतं, आपल्या बंदुकीला जुळेल असं करता येतं, जुन्या बंदुकीचं काडतूस बाजारात मिळत नाही. आणि चौथं कारण हळू आवाजात सांगतात, की उद्या दुकानं बंद झाली, सरकारनं विक्री रोखली, तर आपल्यापाशी असावं.

यातलं स्वस्ताईचं कारण तिकडचे लोकच हसत हसत मोडीत काढतात. भरणारा माणूस पैसे वाचवत नाही, तेवढ्याच पैशात जास्त बार उडवतो. जुळवून घेण्याचं कारण खरं आहे, लांबच्या नेमाला फरक पडतो. पण आम्हाला वाटतं, खरं कारण हाताला काम हवं असतं हे आहे. आपल्याकडं माणूस रेडिओ दुरुस्त करत बसायचा, घड्याळं उघडायचा, तसं. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला स्वातंत्र्याचं नाव दिलं की आम्ही कान टवकारतो.

आपल्याकडं हा छंद उभा राहिला नाही, याचं एक कारण कायद्यात आहे. दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि कलम ५ प्रमाणे निर्मितीला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरात दाबयंत्र मांडून बसता येत नाही. दुसरं कारण खेळातलं आहे. आपले नेमबाज बहुतेक एअर रायफल किंवा पॉइंट बावीस वापरतात. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं ते पॉइंट बावीसवर. या काडतुसाचा स्फोटक थर तळाच्या कडेत असतो, मधे टोपी नसते. पिन आपटली की कड चेपते आणि कवच कामातून जातं. ते पुन्हा भरण्याजोगं नसतंच. तेव्हा इथून खाली पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमध्ये जी पोरं घडतात, त्यांच्यापुढं भरण्याचा प्रश्नच येत नाही.

मग आपल्या देशात आपला बार स्वतःच्या हातानं, कायदेशीरपणे भरणारा माणूस कोण? ठासणीवाला शेतकरी. अमेरिकेत जे सुखवस्तू माणूस गॅरेजमध्ये शनिवारी हौसेनं करतो, ते इथं शेतकरी माळ्यावर बसून करतो, कारण त्याला दुसरं दिलेलंच नाही. परवान्यावर दारू, शिसं, टोप्या यांचं प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढ्यातच. छंदाचं आणि गरिबीचं काम हुबेहूब एक असू शकतं, हे आम्हाला या विषयात सापडलेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं सत्य.

आणि तो गोळी कुणावर झाडतो? बऱ्याचदा कुणावरच नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात संरक्षित प्राणी आहे. पिकाचं नुकसान करत असेल तर कलम ११ खाली परवानगीनं मारता येतो, पण ती परवानगी वेगळी, बंदुकीचा परवाना वेगळा, आणि डुकरं दोन्ही कागद जुळेपर्यंत बांधावर थांबत नाहीत. (हशा) म्हणून बार हवेत काढायचा. आवाजासाठी. म्हणजे अर्जात लिहिलंय पीकसंरक्षण, बंदूक आहे मारायची, आणि तिचा खरा उपयोग ढोलाचा. ज्यांना ती मिळत नाही ते काय करतात तेही सांगायला हवं. कुणी कुंपणात वीज सोडतो आणि शेजारचाच माणूस त्यात जातो. कुणी खाण्यात लपवलेला गावठी बॉम्ब ठेवतो, तो गाय चावते. कुणी प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून माकडं पळवायची तोफ करतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं त्याच कार्बाइडच्या तोफा खेळणं म्हणून विकल्या गेल्या आणि मुलांचे डोळे गेले. बंदूक नको असं म्हणणं सोपं आहे. आम्हीही ती वाढावी असं म्हणत नाही. पण तिच्या जागी काय येतं ते बघून म्हणा.

आता सातबाऱ्याकडं या. कायद्याच्या कलम १४ मध्ये एक सुंदर वाक्य आहे. त्याचा मतलब असा, की अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारू नये. १९५९ च्या लोकांनी हे लिहिलं, त्यांना सलाम. पण पीकसंरक्षणासाठी अर्ज करायचा तर पीक कुठं आहे ते दाखवावं लागतं, आणि पीक दाखवायचं म्हणजे सातबारा. या डोंगराच्या पायथ्याला, कर्जतला, खालापूरला, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. केंद्रानं ज्यांना विशेष असुरक्षित आदिम जमात मानलं त्यातली ही जमात. यांच्यातल्या कितीकांच्या नावावर जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात राबतात, वीटभट्टीवर जातात. पिढ्यान्‌पिढ्या रानातून शिकार करून पोट भरणारी ही माणसं. १९७२ च्या कायद्यानं ती शिकार गुन्हा झाली, बरोबरच झाली असं मानलं तरी. पण कारणाच्या रकान्यात लिहिण्याजोगं कारण त्यांच्याकडं उरलं नाही. मालमत्तेची अट पुढच्या दारानं काढली आणि मागच्या दारानं आत घेतली. कातकऱ्यांना बंदुका द्या असं हे सांगणं नाही. कुणाचं कारण कागदावर कारण म्हणून उमटतं आणि कुणाचं उमटतच नाही, एवढाच आमचा मुद्दा.

आता आपण ज्या गावात बसलोय त्या गावाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. अमेरिकेतलं ते हळू आवाजातलं कारण, म्हणजे जुलमी सरकारविरुद्ध बंदूक. त्याची खरी कसोटी माथेरानमध्ये घेता येते.

आधी पार्श्वभूमी. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके, इथून खाली शिरढोणचे, रामोश्यांना घेऊन उठले. दरोडे घातले ते पैशासाठी, आणि पैसा हवा होता माणसं आणि हत्यारं जमवायला. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसनं या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९१८ साली महायुद्धासाठी सैन्यभरती करताना खुद्द गांधींनी या कायद्याला इंग्रजी राजवटीचं सगळ्यात काळं कृत्य ठरवलं, आणि अमेरिकेतले बंदूकवाले आजही ते वाक्य संदर्भ कापून वापरतात. संदर्भ होता गोऱ्यांच्या युद्धात रंगरूट देण्याचा.

मग १९४२. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल. जन्म याच माथेरानचा, १ डिसेंबर १९१२, गरीब नाभिक कुटुंबातला. वकील झाले, परत आले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. चळवळ पेटल्यावर आझाद दस्ता उभा केला. दस्ता म्हणजे तुकडी, आणि मराठीत बंदुकीच्या मुठीकडच्या लाकडालाही दस्ताच म्हणतात. हा योगायोग भाषणांत फार चालतो. पण या दस्त्याचं मुख्य हत्यार कोणतं होतं? करवत. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, तिथून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज जायची. त्या तारांचे मनोरे यांनी कापले. रात्री, डोंगरात, लोखंड कापायच्या पात्यानं. साम्राज्याला झळ लागली ती त्या पात्यानं. हत्यारं थोडीफार होती. पण २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं त्यांना गाठलं, तेव्हा बंदुकीविरुद्ध बंदूक असा सामना झाला आणि त्यात निकाल आधीच ठरलेला होता. भाई आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथं गेले.

आमची तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. स्मरणाच्या भाषणांत, फलकांवर, पोवाड्यांत बंदुकीचा धूर पुढं येतो आणि करवत मागं जाते. २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही आला. गोळीबार पडद्यावर दिसायला सोपा असतो. करवतीनं रात्रभर लोखंड कापणं दाखवायचं तर दिग्दर्शकाला घाम फुटेल. मनोरा कापायचा तर वाकायला हवं, घासत बसायला हवं, कुठल्या पायावर भार आहे ते कळायला हवं, गावातल्या माणसानं भाकरी आणून द्यायला हवी आणि तोंड बंद ठेवायला हवं. हे सगळं त्या माणसांनी केलं. जुलूम उलथायला घरोघर बंदूक हवी, या म्हणण्याला माथेरानचा इतिहास पुरावा देत नाही. उलट तो सांगतो की बंदुकीच्या खेळात सरकार नेहमी पुढं असतं, आणि भाईंना जे जमलं ते दुसऱ्याच खेळात.

उरलं संरक्षण आणि उरला मान. संरक्षणाचं कारण खोटं नसतं, भीती खरी असते. पण सोनं वाहणाऱ्या सराफाची भीती आणि आठवड्यातून एकदा फार्महाऊसवर येणाऱ्याची भीती एकाच शब्दात मावते, म्हणून तो शब्द आम्हाला संशयास्पद वाटतो. मानाचं कारण तर रकान्यात कुणी लिहीतच नाही. खंडेनवमीला शेतकरी कोयता, नांगर पुजतो, बंदूकवाला बंदूक पुजतो, इथपर्यंत ठीक. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला. त्याच दुरुस्तीनं एका माणसाच्या तीन बंदुकांवरून दोनवर मर्यादा आणली. तिसरी कुणाकडं होती? ठासणीवाल्याकडं नक्कीच नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचा उल्लेख करतो आणि थांबतो. ते स्वतः शिकारी. पुढं बंदूक सुटली आणि जंगल उरलं. नागझिऱ्याला राहून त्यांनी लिहिलं, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बंदूक का ठेवली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ती का ठेवून दिली यावर मराठीत तेवढं लिहिलेलं नाही. ते कुणीतरी लिहायला हवं, उपदेश न करता.

प्रश्न घेऊ. हां, मागून.

(श्रोता: इथं वर माकडं पर्यटकांच्या हातातलं ओढून नेतात. त्यांचं काय?)

त्यांना तुम्हीच सवय लावलीत, म्हणजे पर्यटकांनी. भेळ देणं बंद करा. इथं तरी बंदुकीचा प्रश्न नाही. खाली भातात, आंब्यात जे होतं ते वेगळं, तिथं माणसाचं वर्षाचं उत्पन्न जातं.

(श्रोता: आमची बंदूक निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करतात. नेमकं भात पिकतं तेव्हा. त्यावर काही बोलला नाहीत.)

बरं झालं विचारलंत, ते राहून गेलं होतं. विधानसभेची २०१९ ची आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली, मतदान २१ ऑक्टोबरला. २०२४ ची १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. दाण्यात दूध भरण्यापासून कापणी-झोडणीपर्यंतचे हेच दिवस, आणि डुकरांचेही हेच. वर्षभर बंदूक घरात आणि कामाच्या महिन्यात ठाण्यात. पण सरसकट जमा करायची असा नियम नाही. जामिनावर सुटलेले, गुन्हे असलेले, दंगलीत सापडलेले यांच्यावर लक्ष ठेवून छाननी समितीनं ठरवायचं असतं. तेव्हा तुम्ही आचारसंहिता लागायची वाट बघू नका. ऑगस्टमध्येच लेखी अर्ज द्या. सोबत परवान्याची प्रत, सातबारा, मागच्या वर्षीच्या नुकसानीचा पंचनामा असेल तर तो जोडा, आणि भाताचं वाण हळवं की गरवं ते लिहा, म्हणजे कापणी कधी ते त्यांना कळेल. पोच घ्या. तरीही जमा करायला सांगितलं तर करा, पावती जपून ठेवा, आणि निकालानंतर आठवडा झाला की लगेच ती परत मागायला जा. गाववाल्यांनी मिळून अर्ज दिला तर जास्त बरं, एकट्याचा कागद टेबलावर पडून राहतो.